ऑथेल्लो इतक्या पटकन कसा फसतो? आधी त्याचं बोलणं ऐक

तू दोन गोष्टी विचारल्यास. तुमच्या ग्रुपने शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकातला तो मोठा प्रवेश बसवायला घेतलाय, तुला ऑथेल्लो दिलाय, आणि तुला तो माणूस पटतच नाहीये. एवढा मोठा सेनापती, एवढी युद्धं पाहिलेला, आणि एका रुमालावरून बायकोचा जीव घेतो म्हणजे मुळातच मूर्ख असणार असं तुला वाटतंय. ही झाली पहिली. आणि दुसरी म्हणजे लांबलचक भाषणं पाठ झालीत पण तोंडातून नुसतं पाठांतर बाहेर पडतं, माणूस बोलतोय असं वाटत नाही. इतकी वर्षं नाटकं बसवतोय आणि शिकवतोय, त्यावरून सांगतो, या दोन अडचणी नाहीत, एकच आहे. तू आधी माणूस ठरवायला बघतोयस आणि मग त्याच्या तोंडी वाक्यं घालतोयस. उलट्या बाजूने ये. वहीत शूर, भोळा, संशयी, तापट असं जे काही लिहिलं असशील ते सध्या बाजूला ठेव आणि नुसतं बघ की हा माणूस कुठल्या प्रवेशात कसा बोलतो, केव्हा लांब बोलतो, केव्हा तुटक बोलतो आणि केव्हा दुसऱ्या कुणासारखा बोलायला लागतो.

कारण माझ्या मते रुमाल हे निमित्त आहे. खरी गोष्ट ही की ऑथेल्लो हळूहळू स्वतःची भाषा सोडून इयागोच्या, म्हणजे बायकोबद्दल त्याचे कान भरणाऱ्या त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, भाषेत बोलायला लागतो, आणि हे सगळं आपल्या कानासमोर घडतं, पडद्यामागे काहीच नाही.

नाटक सुरू होतं तेच मुळी ऑथेल्लोशिवाय. व्हेनिस, रात्रीची वेळ, ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डेमोनाचा, बाप म्हणजे सिनेटर ब्रॅबान्शिओ, त्याच्या घराखाली इयागो आणि तिच्या मागे लागलेला रॉडरिगो उभे राहून बोंबा मारतायत की म्हाताऱ्या ऊठ, तुझी मुलगी पळाली. त्या अख्ख्या पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोचं नाव एकदाही येत नाही, 'तो मूर' (म्हणजे आफ्रिकेकडचा काळा माणूस), 'तो जाड ओठांचा' असंच चालू असतं. आणि इयागो त्या बापाला जे सांगतो ते सगळं जनावरांच्या भाषेत, काळा म्हातारा मेंढा, पांढरी मेंढी, बार्बरीचा घोडा. प्रेक्षकाने माणूस अजून पाहिलेला नाही पण त्याच्याबद्दलची घाण ऐकून झालीय. ही जनावरं लक्षात ठेव, पुढे लागतील.

मग ऑथेल्लो येतो. ब्रॅबान्शिओची माणसं तलवारी उपसून अंगावर आलीयेत आणि हा म्हणतो, तलवारी म्यानात घाला, दवाने गंजतील. बस. एका ओळीत भांडण थांबतं. इथे बरेच नट आवाज चढवतात, छाती काढतात, आणि तिथेच पात्र हातातून जातं, कारण ज्याला आवाज चढवावा लागत नाही अशा माणसाचं ते वाक्य आहे. हे नीट लागलं तर पुढे चौथ्या अंकात तो ओरडतो तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसतो, नाहीतर पहिल्यापासून ओरडणाऱ्या माणसाचं ओरडणं कुणाला काय वाटणार.

त्यानंतर ब्रॅबान्शिओच्या आरोपाला उत्तर म्हणून सिनेटसमोरचं भाषण. तुमच्या सादरीकरणात ते नाहीये, तरी तू ते पाठ कर असं मी आग्रहाने सांगेन. सुरुवातीलाच तो म्हणतो की माझं बोलणं रांगडं आहे, सातव्या वर्षापासून हे हात रणांगणावर आहेत, मला गोड बोलता येत नाही, आणि त्यानंतर जे बोलतो ते अख्ख्या नाटकातलं सगळ्यात सुंदर बोलणं आहे. पल्लेदार वाक्यं, एकातून एक उलगडणारी, गुलामगिरी, सुटका, वाळवंटं, गुहा, नरभक्षक, आणि शेवटी दोन साध्या ओळी, की मी सोसलेल्या संकटांसाठी तिने माझ्यावर प्रेम केलं आणि तिला त्यांची कणव आली म्हणून मी तिच्यावर. व्हेनिसचा ड्यूक म्हणतो, ही गोष्ट ऐकून माझी मुलगीसुद्धा भुलली असती. काही जण त्या 'रांगड्या बोलण्या'ला वक्त्याची युक्ती समजून खेळतात. मला ते पटत नाही. मला वाटतं तो मनापासून बोलतोय, कारण ही दरबारी भाषा त्याने बाहेरून येऊन शिकलीय आणि बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या बोलण्याबद्दल कायम धाकधूक असते, कितीही चांगलं बोलला तरी. तिसऱ्या अंकात इयागो नेमका तिथेच बोट घालतो.

आणखी एक बघ. ऑथेल्लोला स्वतःबद्दल जे माहीत आहे ते सगळं गोष्टीच्या रूपात आहे. तो सांगतो, लोक ऐकतात. तो गोष्ट सांगत असताना आजवर कुणी त्याला मध्ये तोडलेलं नाही.

आता तुझा प्रवेश. तिसरा अंक, तिसरा प्रवेश, साडेचारशेहून जास्त ओळींचा, आणि त्यात आत येताना बायकोवर जीव टाकणारा माणूस शेवटी तिला मारायचं ठरवून बाहेर जातो. तो इयागोने सांगितलेल्या खोट्यामुळे फसतो असं समजून तालीम केलीस तर पहिली पन्नास-साठ ओळी तुला काय करायचं तेच कळणार नाही, कारण तिथे इयागो काहीच सांगत नाही. तो काय करतो? ऑथेल्लोने पदावरून काढलेला त्याचा दुय्यम अधिकारी कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो आणि इयागो पुटपुटतो, हे काही मला आवडलं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, साहेब. थोड्या वेळाने इयागो सहज विचारतो की तुमचं लग्न जुळत होतं तेव्हा कॅसिओला ते माहीत होतं का? होतं की, तोच आमच्यामध्ये निरोप न्यायचा-आणायचा. यावर इयागो एवढंच म्हणतो, असं? ऑथेल्लो म्हणतो, असं म्हणजे? असंच, त्यात तुला काय दिसतंय, तो प्रामाणिक नाही का? प्रामाणिक, साहेब? हो, प्रामाणिक. माझ्या माहितीप्रमाणे, साहेब. तुला काय वाटतं? वाटतं, साहेब? आणि इथे ऑथेल्लोचा तोल पहिल्यांदा जातो, तो म्हणतो की हा माझेच शब्द मला परत देतोय, जणू याच्या मनात एखादा राक्षस आहे जो दाखवण्यासारखा नाही.

ही जागा दहा वेळा मोठ्याने वाचा, दोघांनी मिळून, बाकी काही करू नका. इयागोने एकही आरोप केलेला नाही. त्याने फक्त ऑथेल्लोचा शब्द उचलून प्रश्नचिन्ह लावून परत ठेवलाय. राक्षस हा शब्द ऑथेल्लोचा आहे. ज्याला आजवर श्रोते मिळाले त्याला आज पहिल्यांदा असा माणूस मिळालाय जो ऐकतो आणि गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात काय आहे ते ऑथेल्लो स्वतःच भरायला लागतो. म्हणून तो मूर्ख नाही. मूर्ख माणसाला एवढं सूचकपणे सांगून काही कळलंच नसतं, त्याला सरळ सांगावं लागलं असतं. ज्याची कल्पनाशक्ती दांडगी आहे त्यालाच अर्ध्या शब्दावरून पुढचं सगळं दिसतं.

मग ती जागा येते जी मला या प्रवेशाचा मणका वाटते. इयागो एव्हाना सांगून मोकळा झालाय की मला माझ्या देशातल्या बायका माहीत आहेत, व्हेनिसमध्ये त्या नवऱ्याला कळू न देता काय काय करतात. 'माझ्या देशातल्या', म्हणजे तुम्ही इथले नाही, तुम्हाला कळणार नाही. वर तो म्हणतो की हिने तुमच्याशी लग्न करताना बापाला फसवलं होतं. हे वाक्य इयागोचं नाहीच, पहिल्या अंकात निघताना ब्रॅबान्शिओने तेच म्हटलं होतं, हिच्यावर नजर ठेव, बापाला फसवलंय, तुलाही फसवेल. इयागो फक्त ते जपून ठेवतो आणि वेळेवर काढतो. थोडं पुढे ऑथेल्लो म्हणतो, डेस्डेमोना प्रामाणिकच आहे असं मला वाटतं. इयागो म्हणतो, तशीच राहो आणि तुम्हालाही तसंच वाटत राहो. आणि मग ऑथेल्लो आपणहून एक वाक्य सुरू करतो, तरीपण निसर्गच जर स्वतःपासून भरकटला तर... आणि ते पूर्ण करत नाही. इयागो झडप घालतो, हाच तर मुद्दा आहे, आणि पूर्ण करतो ते असं की तिला तिच्याच देशाची, तिच्याच रंगाची, तिच्याच तोलाची स्थळं येत होती ती तिने नाकारली, म्हणजे काहीतरी अनैसर्गिक आहे बघा. ऑथेल्लोचं अर्धं वाक्य इयागोच्या तोंडून पूर्ण झालं. इथे क्यू उचलताना केसाइतकीही फट ठेवू नका, इयागोच्या नटाने जवळजवळ ऑथेल्लोच्या शेवटच्या शब्दावर चढायचं. आणि त्याच्या आधीच्या 'असं?', 'वाटतं?' वाल्या भागात मात्र इयागोने हवा तेवढा वेळ घ्यायचा. बरेच ग्रुप नेमकं उलटं करतात, तिकडे भराभर आणि इकडे मोठा गंभीर पॉज.

इयागो गेल्यावर तुझं स्वगत आहे. मी काळा आहे म्हणून असेल, मला गोडगोड बोलता येत नाही म्हणून असेल, माझं वय उतरतीला लागलंय म्हणून असेल, म्हणजे तसं फार नाही म्हणा. हे स्वगत रडून म्हणू नकोस. तो कारणं शोधतोय, एकेक उचलून बघतोय, आणि वयाचं कारण तर लगेच खालीही ठेवतोय. स्वगतात भावना 'दाखवायची' नसते, प्रश्न सोडवायचा असतो, हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतरासारखं वाटणं निम्मं कमी होतं. आणि बघ, यातच पुढे तो म्हणतो की त्यापेक्षा मी अंधारकोठडीतल्या हवेवर जगणारा बेडूक झालेला बरा. ऑथेल्लोच्या तोंडी जनावर! नाटकाच्या पहिल्या पानावर जी भाषा इयागोची होती तिचा थेंब इथे पडला.

त्यानंतर तो डोकं दुखतंय म्हणतो, डेस्डेमोना रुमाल बांधायला जाते, तो बाजूला सारतो आणि रुमाल पडतो, तोच रुमाल पुढे इयागो तिच्या आणि कॅसिओच्या संबंधाचा पुरावा म्हणून वापरतो. रुमाल ऑथेल्लोच्याच हातून बाजूला होतो हे विसरू नका, पुढे तो तिलाच विचारणार आहे की कुठे गेला.

लांब भाषणांचं तंत्र आता सांगतो. याच प्रवेशाच्या शेवटी काळ्या समुद्राची उपमा आहे, पाँटिक समुद्राचा गार प्रवाह जसा कधी मागे फिरत नाही, सरळ पुढेच जातो, तसे माझे रक्ताळलेले विचार आता मागे वळून बघणार नाहीत. हे मुळात एकच वाक्य आहे, ओळीमागून ओळ धावतं आणि क्रियापद फार उशिरा हाती लागतं. शेक्सपिअरची ओळ साधारण दहा अक्षरांची, पाच ठोक्यांची असते, पण विचार ओळीच्या शेवटी संपत नाही. नवशिका नट प्रत्येक ओळीनंतर श्वास घेतो आणि भाषणाचे तुकडे पडतात. वाक्याचा शेवट कुठे आहे ते आधी शोध, तिथपर्यंत नजर ठेव, मध्ये श्वास चोरून घे, पण सूर खाली टाकू नकोस. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी आवाज पाडायची सवय फार आहे, तिथेच अर्थ वाहून जातो. याउलट चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात याच माणसाची भाषा बघ, पद्य जातं, गद्य येतं, मग गद्यही जातं आणि नुसते शब्द उरतात, रुमाल, कबुलीजबाब, रुमाल, नाकं, कान, ओठ, आणि तो फिट येऊन पडतो. सिनेटमध्ये ज्याने न अडखळता आयुष्य सांगितलं त्याला आता एक वाक्य जोडता येत नाही. ही दोन भाषणं एकाच दिवशी, एकामागून एक मोठ्याने वाच, भूमिकेचा अख्खा आलेख जिभेला कळेल.

त्याच प्रवेशात व्हेनिसहून सायप्रसला आलेल्या लोडोव्हिकोसमोर तो बायकोवर हात उचलतो आणि जाता जाता म्हणतो, सायप्रसमध्ये आपलं स्वागत आहे, बोकड आणि माकडं! हे काय मध्येच? तर तिसऱ्या अंकात पुरावा मागितल्यावर इयागोने म्हटलं होतं की ती दोघं बोकडासारखी चवचाल, माकडांसारखी माजलेली असली तरी तुम्हाला प्रत्यक्ष कसं दाखवू. तेच शब्द इतक्या वेळाने ऑथेल्लोच्या तोंडून बाहेर पडतात, तेही स्वागताच्या औपचारिक वाक्याला चिकटून. लोडोव्हिकोला काहीच कळत नाही, प्रेक्षकाला सगळं कळतं. माणूस आतून कुणाच्या ताब्यात गेलाय हे दाखवायला याहून चांगली जागा मला रंगभूमीवर माहीत नाही.

इयागो करणाऱ्यासाठीही थोडं सांगतो. नाटकातली सगळ्यात जास्त वाक्यं त्याची आहेत, ऑथेल्लोपेक्षाही जास्त. आणि तो प्रत्येकाशी त्या त्या माणसाच्या पट्टीत बोलतो. रॉडरिगोशी रोखठोक गद्यात, पैसे जमव, पैसे जमव असं घणाचे घाव घातल्यासारखं, कॅसिओबरोबर दारूच्या गाण्यांत, ऑथेल्लोशी अडखळत, जणू सांगायला जीभ रेटत नाहीये. एकटा असला की पद्य. स्वगतांत तो कारणं देतो, कॅसिओला माझी बढती मिळाली, ऑथेल्लोने माझ्या बायकोशी संबंध ठेवले असं लोक म्हणतात, मग कॅसिओवरही तोच संशय, मग म्हणे मलाही डेस्डेमोना आवडते. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने याला कारण नसलेल्या दुष्टपणाची कारणं शोधणं असं म्हटलंय आणि ते प्रसिद्ध आहे, पण नटाला त्याचा उपयोग शून्य. नटाने प्रत्येक कारण त्या क्षणापुरतं खरं मानावं. आणि कृपा करून त्याला खलनायकी हसू देऊ नका, 'प्रामाणिक' हा शब्द आणि त्याची रूपं या नाटकात पन्नासहून जास्त वेळा येतात आणि त्यातली बरीचशी इयागोसाठी असतात. त्याच्याकडे बघून सगळ्यांना तसंच वाटलं पाहिजे, नाहीतर सगळेच आंधळे दिसतात आणि तुझा ऑथेल्लो परत मूर्ख ठरतो.

बायकांच्या भूमिका लहान समजू नका. इयागोची बायको एमिलिया रुमाल उचलून नवऱ्याला देते, आणि पुढे डेस्डेमोना विचारते तेव्हा एका ओळीत खोटं बोलते, मला माहीत नाही, बाई. पाचव्या अंकात ऑथेल्लो तिला सांगतो की हे सगळं तुझ्या नवऱ्याला माहीत आहे. ती म्हणते, माझा नवरा? पुन्हा, माझा नवरा? ऑथेल्लो चिडतो, तेच तेच काय विचारतेस. तिसऱ्या अंकातला शब्द परत देण्याचा खेळच हा, पण तिथे इयागो मुद्दाम करत होता, इथे एमिलियाच्या डोळ्यांसमोरून तिचा संसार सरकतोय. त्यानंतर ती थांबत नाही. इयागो म्हणतो घरी जा, ती म्हणते जाणार नाही, नवऱ्याचं ऐकणं योग्य, पण आत्ता नाही, कदाचित कधीच नाही. त्या बोलण्याची किंमत ती जिवाने देते. आणि ज्या इयागोने सगळ्यांना शब्दांत अडकवलं तो शेवटी म्हणतो, मला काही विचारू नका, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही.

शेवटच्या भाषणाबद्दल दोन मतं आहेत. कवी-समीक्षक टी. एस. एलियटला तिथे ऑथेल्लो स्वतःचीच समजूत घालताना दिसला. मला त्यात तथ्य वाटतं, पण तेवढंच नाही वाटत. त्याला आपली भाषा परत मिळालीय, वाक्यं पुन्हा लांब झालीयेत, तो पुन्हा गोष्ट सांगतोय, अलेप्पोमध्ये एका तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली, तेव्हा मी त्याला गळ्याला धरून असा भोसकला, आणि 'असा' म्हणताना स्वतःला भोसकतो. त्या गोष्टीत व्हेनिसचा रक्षकही तोच आणि परका शत्रूही तोच.

म्हणूनच चेहऱ्याला काळा रंग फासू नका. कृष्णवर्णीय नट आयरा ऑल्ड्रिजने 1833 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये आणि तसाच कृष्णवर्णीय नट पॉल रोब्सनने 1943 मध्ये ब्रॉडवेवर ही भूमिका केल्यानंतर तो प्रकार जगभर मागे पडत गेला, आपणही सोडावा. परकेपणा बोलण्यातून आणि लोक त्याच्याशी कसे उभे राहतात त्यातून दाखवता येतो. संहितेचं म्हणशील तर मराठीत हे नाटक फार आधीपासून आहे, महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर 1867 चं, मग देवलांचा 'झुंझारराव', पुढे शिरवाडकरांचा 'ऑथेल्लो'. देवलांचं रूपांतर आहे, त्यात माणसं आपल्याकडची होतात, त्यामुळे तुमच्या प्रवेशासाठी मी शिरवाडकर घेईन आणि शेजारी मूळ इंग्रजी उघडं ठेवेन, ओळी कुठे तुटतात ते बघायला.

वेळ कमी असेल तर कापा, पण इयागोचं 'असं?' ते राक्षस हा भाग आणि ऑथेल्लोचं अर्धवट वाक्य यांना हात लावू नका. सुरुवातीची डेस्डेमोनाची कॅसिओसाठीची रदबदली थोडी कमी केली तरी चालेल, पूर्ण काढू नका, कारण ती भोळेपणाने जितका आग्रह धरते तितकं इयागोचं काम सोपं होतं. एमिलिया रुमाल उचलते तो तुकडाही ठेवा, तुमच्या ग्रुपमधल्या त्या मुलीला त्यात करण्यासारखं भरपूर आहे.